नखाएवढें दुखणें

मराठींत ‘दुखणें अंगावर काढणें’ असा एक वाक्प्रचार आहे. या लहानशा वाक्प्रचारांत आमच्या घरांतील थोरामोठ्यांचा सारा स्वभाव सांठविलेला आहे. ताप डोक्यांत गेला, छातींत कळ आली, म्हणजे सारें घर धांवपळ करतें; त्या वेळीं कोणी कोणास उपदेश करावा लागत नाहीं. परंतु दुखणें जितकें लहान, तितकी आमची सहनशीलता मोठी. अशा लहान दुखण्यांपैकीं अत्यंत उपेक्षित असें एक दुखणें, म्हणजे पायाच्या आंगठ्याचें नख मांसांत रुतणें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वाचून कांहीं वाचकांस हंसूं येईल. ज्यांच्या घरीं कोणी वडील माणूस पाय उचलून टांचेवर चालत आहे, त्यांना मात्र तें येणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

आमचें दिवेआगर हें श्रीवर्धन तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. सुपारी-नारळाच्या वाड्या हें येथील मुख्य वैभव. वाडीला बारमास पाणी हवें, त्यामुळें वाडींत राबणाऱ्याचें पाऊल दिवसाचा बराच भाग ओल्या मातींतच असतें. ठेंच लागली, कांटा मोडला, तर चिमूटभर हळद दाबावी आणि पुन्हां कामास लागावें, ही येथील जुनी रीत. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, आणि पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या पोफळी व माड कांहीं तासांत आडवे झाले. त्यापुढील कित्येक महिने पडलेलीं झाडें तोडून वाड्या मोकळ्या करण्यांत गेले. त्या कामांत आमच्या आळींतील एका साठीच्या गृहस्थांच्या आंगठ्यावर पोफळीचा ओंडका घसरला. नख काळें पडून गळालें. नवें आलें तें जाड आणि कडेला वळलेलें. पुढें रबरी बुटांत पाय दिवसभर कोंडला जाऊं लागला, तशी त्या नखाची कड मांसांत शिरली.

त्यांच्या सूनबाई रोज म्हणत, “मामंजी, एकदां डॉक्टरांना दाखवून या ना!” मामंजींचें उत्तर ठरलेलें असे : “अगं, नखाएवढें तें दुखणें! त्याला डॉक्टर कशाला?” हा संवाद आठ महिने चालला. त्या आठ महिन्यांत गृहस्थांनीं सायंकाळची देवळाची फेरी सोडली, वाडींतील खेपा कमी केल्या, आणि पांघरुणाचा स्पर्श आंगठ्यास होऊं नये म्हणून ऐन थंडींत एक पाय उघडा टाकून ते निजूं लागले. नातवंडें जवळ आलीं कीं आधीं त्यांचा पाय मागें जाई, मग हात पुढें येई. अखेर सूनबाईंनींच एके दिवशीं रिक्षा दाराशीं आणून उभी केली. डॉक्टरांस प्रत्यक्ष उपचारास लागला अर्धा तास! तो अर्धा तास टाळण्यासाठीं आठ महिने वेंचले गेले. या हिशेबास कोणत्या गणितांत बसवावें तें आम्हांस उमगत नाहीं.

शरीरांत उपजलेलें शल्य

नख हें मुळाशीं त्वचेच्या एका घडींतून उत्पन्न होतें आणि दोन्ही बाजूंच्या मांसल कडांमधून पुढें सरकत जातें. पायाच्या नखाची वाढ फार मंद असते. महिन्यास दीड-पावणेदोन मिलिमीटर एवढीच. आंगठ्याचें नख समूळ नवें होण्यास एक वर्ष ते दीड वर्ष लागतें. हा प्रवास सरळ चालला तर आपणांस नखाचें भानही नसतें. पण कोपरा चुकीचा कापला गेला, बुटानें मांस नखावर दाबलें, घामानें कातडी मऊ पडली, मार लागला किंवा नख जात्याच कमानदार असलें, म्हणजे नखाची धार बाजूच्या मांसांत घुसते. तेथें शरीर त्या धारेस आपलें मानीत नाहीं. बोटांत शिरलेल्या कांट्याशीं तें जसें वागतें, तसेंच स्वतःच्या नखाशीं वागूं लागतें : आधीं लाली आणि ठणका, मग सूज आणि पू, आणि पुढें नखाच्या कडेवर लाल, ओलसर, स्पर्श होतांच रक्त येणारें वाढीव मांस. या तीन पायऱ्या बहुतेक सर्व रोग्यांत याच क्रमानें येतात.

आमच्या प्राचीनांनीं ही गोष्ट किती नेमकी जाणली होती तें पाहण्यासारखें आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सव्विसाव्या अध्यायांत शल्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. बाहेरून आलेलें तें आगंतुक आणि शरीरांतच उपजलेलें तें शारीर. शारीर शल्याचीं उदाहरणें देतांना आचार्यांनीं आरंभींच केस आणि नखें यांचा निर्देश केला आहे. त्याच संहितेच्या निदानस्थानांत चव्वेचाळीस ‘क्षुद्ररोग’ मोजले आहेत, आणि त्यांत नखाच्या मांसास होणारा, दाह, वेदना व पू यांनीं युक्त असा ‘चिप्प’ आणि आघातानें नख काळें व खरखरीत होणारा ‘कुनख’ हे दोन्ही आले आहेत. घरोघरच्या बायका ज्यास ‘नखुरडें’ म्हणतात तें या चिप्पाचेंच भावंड.

आतां ‘क्षुद्र’ या शब्दानें कोणी फसूं नये. जो आचार्य या रोगांस क्षुद्र म्हणतो, तोच त्यांच्यासाठीं निदानस्थानांत एक आणि चिकित्सास्थानांत दुसरा असे दोन स्वतंत्र अध्याय खर्ची घालतो. चिप्पावर त्यानें सांगितलेला उपाय असा : ऊन पाण्यानें शेकावें, मग छेद घेऊन पू वाहूं द्यावा, नंतर तेल लावून राळेचें चूर्ण भुरभुरावें आणि बांधावें. म्हणजे रोगाचें नांव क्षुद्र असलें, तरी त्यावर शस्त्र धरण्यास वैद्यानें लाजूं नये असाच त्याचा अभिप्राय. शस्त्रांच्या यादींत ‘नखशस्त्र’ म्हणून एक स्वतंत्र शस्त्रही त्यानें ठेविलें आहे. तेव्हां ‘नखासाठीं डॉक्टर कशाला’ हा प्रश्न आमच्या परंपरेंतून आलेला नाहीं. तो आमच्या आळसांतून आलेला आहे.

टाळाटाळीचीं कारणें

पण केवळ आळस म्हणून सोडून दिल्यास अन्याय होईल. या टाळाटाळीच्या पोटांत निरनिराळीं कारणें असतात, आणि तीं ओळखल्यावांचून घरच्या माणसांस उपाय सुचत नाहीं.

पहिलें कारण भय. आंगठ्यांत सुई टोंचणार, नख उपटणार, ही कल्पनाच अंगावर कांटा आणते. पूर्वीं न्हाव्याच्या नराणीनें आंगठे मोकळे होत, त्या वेळच्या किंकाळ्या ऐकलेलीं माणसें अजून आहेत. दुसरें कारण संकोच. पाय हा शरीराचा नीच भाग. तो सुजलेला, दुर्गंधि आलेला पाय सुशिक्षित माणसापुढें टेबलावर कसा ठेवावा, असें स्त्रियांस विशेषेंकरून वाटतें. तिसरें कारण कुटुंबवत्सलता. दळणवळणाचा त्रास, मुलाची रजा, खर्च, हीं सारीं आपल्या एका नखापायीं कशाला, असा विचार वडील माणसें करतात. एकत्र कुटुंबांतील गृहिणीची तर रीत अशी कीं, सर्वांचें दुखणें तिला दिसतें आणि तिचें दुखणें कोणासच दिसत नाहीं. सणवार आटोपले कीं जाऊं, लग्न पार पडलें कीं जाऊं, असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून जातें. चौथें कारण, आणि आमच्या मतें सर्वांत फसवें, म्हणजे मधून मधून येणारा आराम. चार दिवस ठणका थांबतो, आणि माणूस समजतो कीं बरें झालें.

हा आराम बहुधा घरगुती शस्त्रक्रियेचें फळ असतो. माणूस रात्रीं दिव्याखालीं बसतो, ब्लेड अथवा नेलकटर घेतो आणि रुतलेला कोपरा तिरपा कापून काढतो. दाब कमी झाल्यानें तात्काळ बरें वाटतें. पण खोल, जेथें हत्यार पोंचत नाहीं, तेथें नखाचा एक बारीक टोंकदार कांटा शिल्लक राहतो. नख तर पुढें सरकतच असतें. तो कांटा भाल्याच्या टोंकाप्रमाणें मांसांत अधिकच खोल जातो. मग पुन्हां ठणका, पुन्हां ब्लेड. ‘कांट्याचा नायटा होणें’ या म्हणीचा अर्थ ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, त्यानें हें चक्र पाहावें. कोणी बिब्बा लावतात, त्यानें कातडी भाजून फोड येतात. कोणी लिंबू पोकळ करून बोटास टोपीसारखें घालतात. नखुरड्यांत त्यानें थोडें गार वाटलें, तरी रुतलेलें नख त्यानें बाहेर येत नाहीं.

येथें एका थोर उदाहरणाचें स्मरण होतें. महात्मा गांधींनीं १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकांत डॉक्टरांच्या धंद्यावर व इस्पितळांवर कडक टीका केली होती. पुढें जानेवारी १९२४ मध्यें येरवड्याच्या तुरुंगांत त्यांस आंत्रपुच्छाचा विकार झाला, आणि त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयांत हलविण्यांत आलें. १२ जानेवारीच्या रात्रीं कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्यानें त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येंच विजेचे दिवे गेले आणि काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. शस्त्रक्रियेपूर्वीं आपली संमति त्यांनीं लिहून दिली होती. आंत्रपुच्छ कोठें आणि नख कोठें, हें आम्हांस कळतें. पण ज्याचा विरोध तत्त्वाचा होता, तो पुरुषही वेळ आल्यावर शस्त्रापुढें शांतपणें निजला; आमचा विरोध तर तत्त्वाचाही नसतो, केवळ ‘उद्यां पाहूं’ एवढाच असतो.

उपाय : घरचा आणि दवाखान्याचा

आरंभींच्या पायरीवर, म्हणजे नुसती लाली व ठणका असतांना, घरचा उपाय पुष्कळदां पुरतो. कोमट पाण्यांत मीठ घालून पाय पंधरा-वीस मिनिटें, दिवसांतून दोन-तीन वेळां बुडवून ठेवावा. नंतर बोटांच्या बेचक्यांसह पाय नीट कोरडा करावा. नख मऊ असतांनाच स्वच्छ कापसाची बारीक वात नखाच्या कोपऱ्याखालीं हलक्या हातानें सरकवावी, म्हणजे नख मांसावरून उचलून पुढें वाढतें. ती वात रोज बदलावी. कोपरा कापूं नये. बंद बूट वर्ज्य करून उघडी चप्पल घालावी. जखम माती-शेणाच्या संपर्कांत आली असेल, तर धनुर्वाताची लस घेतली आहे कीं नाहीं हें पाहावें. इतकें करूनही चार-सहा दिवसांत उतार पडला नाहीं, पू दिसला किंवा वाढीव मांस आलें, तर घरच्या उपायांची हद्द संपली असें समजावें. नुसत्या गोळ्या घेऊनही भागत नाहीं; कांटा आंत असेपर्यंत जखम कशी भरेल?

दवाखान्यांत काय होतें तें भित्र्या माणसांस सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण अर्धें भय अज्ञानाचें असतें. आंगठ्याच्या मुळाशीं दोन्ही बाजूंस बधिर करणाऱ्या औषधाच्या सुया देतात. दुखतें तें एवढेंच, आणि तेंही क्षणभर. हें लिग्नोकेन नांवाचें औषध स्वीडनमधील नील्स लोफग्रेन यांनीं १९४३ सालीं प्रथम तयार केलें. त्यापूर्वींच्या काळांतील किंकाळ्यांचा हिशेब आज कोणी धरूं नये. पांच-दहा मिनिटांत आंगठा बधिर झाला, म्हणजे रुतलेल्या बाजूची नखाची केवळ एक अरुंद पट्टी मुळापर्यंत कापून काढतात. सारें नख उपटण्याची बहुधा जरुरीच नसते. सारें नख काढून मूळ तसेंच ठेवल्यास नवें नख पुन्हां रुतण्याचा संभव पुष्कळ असतो. पट्टी काढल्यावर तिच्या मुळास फिनॉल लावतात, म्हणजे तेवढ्या भागांत नख पुन्हां उगवत नाहीं. फिनॉल म्हणजे तेंच कार्बॉलिक ॲसिड, ज्याच्या साह्यानें जोसेफ लिस्टर यांनीं १८६५ सालीं ग्लासगो येथें जखमा सडूं न देण्याची विद्या आरंभिली. मग पट्टी बांधून रोगी स्वतःच्या पायानें घरीं येतो. एक-दोन दिवस पाय उंच ठेवावा, सांगितल्याप्रमाणें पट्टी बदलावी. कांहीं आठवडे किंचित् पाणी वाहतें व जखम भरते. नख पूर्वींपेक्षां थोडें अरुंद दिसतें, एवढीच काय ती खूण राहते.

ज्यांस थांबण्याचा अधिकार नाहीं

आतां जें सांगावयाचें आहे, तें या लेखाचें खरें प्रयोजन होय. आतांपर्यंतचा विचार निरोगी पायाचा झाला. ज्यांस मधुमेह आहे त्यांची गोष्ट सर्वस्वीं वेगळी. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीनुसार या देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष माणसांस मधुमेह आहे. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक मोठ्या कुटुंबांत निदान एक तरी असा माणूस असेल असें समजण्यास हरकत नाहीं. दीर्घकालीन मधुमेहांत पायाच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठा कमी होतो. अशा माणसाचें नख रुतलें तर तें दुखतच नाहीं! इतरांस ठणका डॉक्टरांकडे ढकलतो; याला ढकलणारें कोणी नाहीं. जखम शांतपणें खोल जाते, हाडास लागते, आणि मग प्रश्न नखाचा राहत नाहीं. बोट ठेवावें कीं काढावें, पाऊल वांचेल कीं नाहीं, असा होतो.

आमच्या माहितींतील एका आजींच्या आंगठ्याची हीच कथा. “दुखत नाहीं हो, मग दाखवूं काय?” असें त्या म्हणत, आणि त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. पाय धुतांना नातीला पाण्यांत रक्ताची छटा दिसली, तेव्हां घरच्यांस कळलें. आंगठा गेला, पाय राहिला. त्या नातीची दृष्टि जर त्या दिवशीं पाण्याकडे गेली नसती, तर पायही राहता ना.

म्हणून मधुमेही माणसांनीं, तसेंच ज्यांचे पाय बधिर आहेत, ज्यांच्या पायांस रक्तपुरवठा कमी आहे, व ज्यांस विडी-तंबाखूचें दीर्घ व्यसन आहे त्यांनीं, नख रुतलें कीं एक दिवसही घरचा उपाय करीत बसूं नये. त्यांनीं ऊन पाण्यांत पाय घालणेंही धोक्याचें. पाणी किती ऊन आहे हें बधिर पायास कळत नाहीं आणि पाय भाजून निघतो. घरांतील एखाद्या लहान माणसानें रोज रात्रीं आजी-आजोबांचे तळवे, बेचकीं आणि नखें उजेडांत पाहावींत, असा नियमच करावा. पाय चेपण्याची जुनी चाल आमच्या घरांतून नाहींशी होत चालली आहे. या निमित्तानें ती परत आली तर सेवा व तपासणी दोन्ही एकदमच होतील.

आणखी एक सूचना. मार लागल्याचें आठवत नसतां नखाखालीं काळा डाग अथवा पट्टा दिसला, आणि नख वाढलें तरी तो पुढें सरकत नसेल, तर तें रुतलेलें नख किंवा गोठलेलें रक्त असें परस्पर ठरवूं नये. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या आंगठ्याच्या नखाखालीं १९७७ सालीं कर्करोग आढळला. आंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनीं मानला नाहीं. ११ मे १९८१ रोजीं, अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. असा रोग विरळा खरा, पण ज्यास होतो त्यास तो विरळा नसतो.

नखें कापण्याची रीत

शेवटीं प्रतिबंधाचे चार शब्द. पायाचीं नखें स्नानानंतर, मऊ असतांना कापावींत. तीं आडवीं सरळ कापावींत. हाताच्या नखांसारखी गोलाई देऊन कोपरे आंत खोल घेऊं नयेत, आणि बोटाच्या टोंकापेक्षां आखूडही करूं नयेत. रात्रीं नखें कापूं नयेत असा जो जुना दंडक आहे, त्यांतील शकुनापशकुनाचा भाग सोडला, तरी अपुऱ्या उजेडांत धारदार हत्यार चालवूं नये हा बोध आजही घेण्याजोगा आहे. ज्यांस वांकतां येत नाहीं किंवा नीट दिसत नाहीं अशा वडिलांचीं नखें घरच्या कोणी तरी कापून द्यावींत.

मुलांच्या बुटांकडे विशेष लक्ष द्यावें. आम्ही वर्गांत एक सोपी परीक्षा करवीत असूं. मुलास कागदावर उभें करून पावलाभोंवतीं पेन्सिलीनें रेघ ओढावी, आणि त्या आकृतीवर त्याचाच बूट ठेवून पाहावें. पुष्कळांच्या बाबतींत बोटांकडील रेघ बुटाबाहेर दिसे. पाऊल वाढतें, बूट वाढत नाहीं. आणि ‘अजून एक वर्ष चालेल’ या काटकसरीची किंमत मुलाच्या आंगठ्यास द्यावी लागते. पावसाळ्यांत ओले मोजे तसेच पायांत ठेवूं नयेत.

आमच्या नीतिकारांनीं ऋण, अग्नि आणि व्याधि यांस एकाच पंक्तीस बसविलें आहे. तिन्हींचा थोडा अंशही शिल्लक राहिला तर तो पुन्हां वाढतो. कर्जाचा शेवटचा हप्ता आम्ही विसरत नाहीं. चुलींतील निखारा विझल्याची खात्री केल्यावांचून गृहिणी निजत नाहीं. मग आंगठ्यांतील हा शेषच तेवढा कां ठेवावा? सहनशीलता हा मोठा गुण आहे, परंतु तो ज्यावर उपाय नाहीं अशा दुःखासाठीं राखून ठेविलेला बरा. आज रात्रीं पान वाढण्यापूर्वीं घरांतील वडील माणसें कशीं चालत येतात तें एकदां न्याहाळून पाहावें. कोणी लंगडत असेल तर कारण विचारावें, आणि “कांहीं नाहीं रे” हें उत्तर मान्य करूं नये.